तपकिरी पाट्या

लिओना ड्रायलिंग शुक्रवारी निवृत्त होणार होती.
सोमवारी तिनं ट्रकच्या चाव्या माझ्याकडे फेकल्या,
म्हणाली, "टेओ, तू चालव. मी बोलते."
आणि पुढचे दीडशे मैल एक शब्द बोलली नाही.

मागे अठरा पाट्या, दोरीनं आवळलेल्या.
तपकिरीवर पांढरी अक्षरं:
उद्यान. ऐतिहासिक स्थळ. पुढे डावीकडे.
कॅन्ससभर आमचं काम एवढंच.
गारांनी पोचे पाडलेली,
पोरांनी छर्रे झाडून चाळण केलेली पाटी उतरवायची,
नवी चढवायची.
बाण होता त्याच दिशेला.

"या राज्यात बघायला काय आहे?"
पेट्रोल पंपावर रोज कुणीतरी विचारतंच.
दोन-दोन तास रस्ता वळत नाही,
क्षितिज परातीच्या काठासारखं,
आणि धान्याच्या पांढऱ्या कोठारांखेरीज
उभं असं काही नाही.
लिओना बोल्ट पिळता पिळता म्हणते,
"पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

एका उद्यानात दगडाच्या छत्र्या आहेत.
पाच एकर सगळं मिळून.
आमच्या पाटीला लाज वाटावी, इतकं छोटं.

नायकोडिमसला अलॉन्झो गॅडिस
थर्मास घेऊन बाहेर आला.
त्याचे पणजोबा केंटकीहून आले होते,
गुलामगिरी संपून बारा वर्षं झाली होती तेव्हा.
"जाहिरातीत गाव होतं," तो म्हणाला,
"इथे नुसतं गवत.
पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणून काढला.
मग जाहिरातीतलं गाव
खरं करून दाखवलं."
कॉफी संपवली, मागे सरकला, डोळा बारीक केला.
"पाटी डावीकडे कलली आहे."
कलली होती. आम्ही परत खांब उकरला.

बुधवारी डॉज सिटीच्या पश्चिमेला
मला काहीच दिसेना. माळ, कुंपण, एक गाय.
लिओना म्हणाली, थांब, ऊन उतरू दे.
मग तिरप्या उजेडात हळूहळू
गवताखालून उठल्या
सांता फेला गेलेल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या,
झोपलेल्या माणसाच्या गालावरच्या
उशीच्या वळांसारख्या.
"एकतीस वर्षं," ती म्हणाली,
"याच वेळेला येते. आत जात नाही.
बाण दाखवणं माझं काम.
पोचणं लोकांचं."

त्या रात्री मोटेलात झोप लागेना.
माझी आई गार्डन सिटीत मांस कापते,
सुट्टी रविवारची, तीही अर्धी.
तिला यातलं काय काय दाखवता येईल,
मी मनात मैल मोजत राहिलो.

शुक्रवारी शेवटची पाटी.
खडूच्या सुळक्यांकडे नेणारा फाटा,
हमरस्त्यापासून सात मैल कच्चा.
मी खड्डा खणला. सिमेंट कालवलं.
तेवढ्यात लिओनानं खिशातून रुमाल काढला,
रुमालातून शिंपल्याचा तुकडा,
तळहाताएवढा, कडेला पिवळा पडलेला.
इथे समुद्र होता तेव्हाचा.

"दुसरीत होते. हेजहून सहल आली होती.
काही उचलायचं नाही, बाईंनी दहादा सांगितलं."
पन्नासहून जास्त वर्षं तो तिच्याकडे होता.
आधी दप्तरात, मग अंघोळीच्या साबणाखाली,
नवरा गेल्यावर बिलांवर वजन म्हणून.

मी म्हणालो, जाऊ या ना, सातच मैल,
सूर्य अजून वर आहे.
तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा.
साडेचारला ट्रक ओकलीला द्यायचा होता.

मग तिनं शिंपला खड्ड्यात टाकला,
खांबाच्या अगदी बुडाशी.
"ओत," म्हणाली.

मी ओतलं. पाणपातळी लावून खांब सरळ धरला,
अलॉन्झोची आठवण ठेवून दोनदा.
"पण लिओना, हे ते ठिकाण नाही."

तिनं हातमोजे काढले, पाटीकडे पाहिलं.
"बाण दाखवलाय ना," ती म्हणाली,
"जाईल तो."